स्वमग्न म्हणायचे कुणाला?

इंग्रजीतल्या ‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द आता चांगला रुळला आहे. वर्तमानपत्रांत तो येतो, शासकीय कागदांत येतो, आणि दरवर्षी २ एप्रिलला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली ठरवून दिलेल्या जागतिक दिवशी, भाषणांतूनही ऐकू येतो. शब्द कानाला गोड आहे, संस्कृत घराण्यातला आहे, उच्चारायला सोपा आहे. मराठीची अध्यापिका म्हणून मला त्याच्यात खोट काढता येत नाही. आणि दोन स्वमग्न मुलांची आई म्हणून तो मला एक दिवसही पटलेला नाही. संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी ‘मॅडम, यंदा साहित्यावर नको, काही तरी वेगळे द्या’ असा आग्रह धरला, तेव्हा हे जुने भांडण एकदाचे कागदावर उतरवावे असे ठरवले.

स्वमग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? खिडकीपाशी बसलेला कवी. ध्यान लावून बसलेला साधक. किंवा वर्गात शेवटच्या बाकावर, नुकताच प्रेमात पडल्यामुळे, फळ्याकडे पाहत असूनही फळा न दिसणारा एखादा विद्यार्थी (नावे घेत नाही, पण माझ्या तासाला असे दोघे तरी नेहमी असतात). ही तिन्ही माणसे स्वतःत बुडालेली आहेत आणि तिघांनाही जोराने हाक मारली तर वर येता येते. आमच्या घरातली दोन माणसे या तिन्ही प्रकारांत बसत नाहीत. ती स्वतःत बुडालेली नाहीतच. उलट बाहेरचे जग त्यांच्यावर अष्टौप्रहर इतके कोसळत असते की स्वतःकडे पाहायला त्यांना उसंत मिळत नाही.

थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तिसऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी त्याला आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखी ऐकू येते. त्या घरात रोज तीन शिट्ट्या होतात. कधी त्या बाईंनी दोनवरच गॅस बंद केला, तर तिसरी शिट्टी कुठे गेली या काळजीत आमच्या घरी अर्धा तास कुणाला स्वस्थता नसते. धाकटी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटचा जो बारीक गुंजारव तुम्हाआम्हाला जाणवतही नाही, तो तिला शिक्षकांच्या आवाजाइतकाच मोठा ऐकू येतो. नव्या ओढणीचा कडक काठ तिला दिवसभर सुईसारखा टोचत राहतो. मिक्सर, फोडणीतली तडतडणारी मोहरी, एस.टी. स्टँडवरचा कर्णा, लग्नातल्या अत्तराचा वास, गर्दीत चुकून लागलेला कुणाचा तरी कोपर, हे सगळे एकाच वेळी, एकाच मापाने आत येते. जगाला गाळून आत घेणारी चाळणी आपल्याला जन्मतः मिळालेली असते आणि तिची आठवणही आपण ठेवत नाही. या मुलांच्या चाळणीची भोके निराळी आहेत. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथक गल्लीत शिरले की आमचा उंचापुरा मुलगा पलंगाखाली जाऊन कानांवर उशी दाबतो. त्याला ‘स्वमग्न’ म्हणणे म्हणजे पावसात चिंब भिजलेल्याला ‘जलप्रेमी’ म्हणण्यासारखे आहे.

या शब्दाचा जन्म कुठे झाला ते पाहिले म्हणजे गोंधळ उलगडतो. स्वित्झर्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ यावरून हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला. तो मुलांसाठी नव्हे, तर स्किझोफ्रेनिया झालेल्या प्रौढ रुग्णांच्या एका लक्षणासाठी. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि तोच शब्द त्यांनी या मुलांना लावला. वर्णन इतके बारकाईचे आहे की त्यातले कित्येक तपशील आज आमच्या घरात जसेच्या तसे सापडतात. नाव मात्र उसने होते. तेव्हा आपल्या कोशकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी भाषांतर अगदी बिनचूक केले. मूळ शब्दच चुकीच्या दारावर लावलेली पाटी होता.

शब्द चुकला तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. भाषा शिकवणाऱ्याने तरी असे म्हणू नये. मूल ‘स्वतःत मग्न’ आहे असे एकदा ठरले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ते आत का गेले? कुणी ढकलले? आणि घरात ढकलणारी व्यक्ती शोधायची झाली तर बोट कुठे जाते हे सांगायला नको. कॅनर यांनीच या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा कमी दिसतो असा शेरा मारला होता. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी आपल्या पुस्तकात या मुलांच्या अवस्थेची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे छावणीचा पहारेकरी कोण, तर आई. त्या काळात पाश्चात्त्य देशांतल्या किती तरी बायांनी, आपल्या थंडपणामुळे पोर असे झाले, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घेतले. हे खोडून काढायला पुढे आले त्यांत पालकच होते. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच या अवस्थेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे पुस्तक लिहून मांडले होते. इंग्लंडमधल्या लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. या अवस्थेच्या एकाच साच्याऐवजी अनेक छटा असतात ही आजची समजूत मुख्यतः त्यांच्या कामातून आली. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला.

इतके होऊनही १९९८ साली लंडनमधून नवा गुन्हेगार जाहीर झाला: गोवराची लस. केवळ बारा मुलांवर आधारलेला तो लेख ज्या ‘लॅन्सेट’ने छापला होता त्याच नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. पण मागे घेतलेला लेख लोकांच्या डोक्यातून कोण मागे घेणार? गेल्याच दिवाळीत एका सुशिक्षित नातेवाइकांनी मला त्याचा हवाला दिला. आपल्याकडचे गुन्हेगार याहून घरगुती आहेत. ग्रहण पाहिले असेल. मोबाइल दिला असेल. आई नोकरी करते ना, मग असेच व्हायचे. उपायही तसेच: ताईत, पंचकर्म, गहू बंद, दूध बंद, आणि आता लाखांच्या घरात जाणारी मूळपेशींची इंजेक्शने, ज्यांनी ही अवस्था बरी होते याला पुरावा नाही. यावर अधिक लिहिण्यात शाई घालवत नाही.

त्यापेक्षा माझ्या विषयाकडे, म्हणजे व्याकरणाकडे वळते.

मुलगा उशिरा बोलू लागला आणि बोलू लागला तो माझ्या वाक्यांत. ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे तो म्हणाला म्हणजे त्याला स्वतःला तहान लागलेली असे. त्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे: हे वाक्य उच्चारले गेले की पाणी येते, मग ते वाक्य पाण्याचेच नाव नाही का? सर्वनामांची ही अदलाबदल कॅनर यांनीही नोंदवली आहे. पण इंग्रजीत जे घडत नाही ते मराठीत घडते, कारण आपले क्रियापदच लिंग सांगते. तो माझे बोलणे उचलत असल्यामुळे एकोणीस वर्षांचा, दाढी फुटलेला हा तरुण आजही ‘मी जेवते’, ‘मी जाऊन येते’ असे म्हणतो. बाहेर माणसे हसतात. एका मावशींनी तर ‘अहो, मुलीसारखा बोलतो हा, वेळीच लक्ष द्या’ असे कानात सांगितले. मला त्या क्रियापदात मुलगीपणा ऐकू येत नाही. एका मुलाने आपल्या आईला किती लक्षपूर्वक ऐकले आहे, तेवढे ऐकू येते. ज्याला आपण स्वतःत मग्न म्हणतो त्याच्या भाषेत स्वतःचे असे क्रियापदसुद्धा नाही, सगळी दुसऱ्याची!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आम्ही सांगलीतले आमचे तळमजल्याचे घर सोडून एका परिचितांच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो होतो. त्या चार-पाच दिवसांत जो तो एकच विचारायचा: ‘पाणी उतरलं का?’ आयर्विन पुलाची पातळी सांगणारा निरोप आला की पुन्हा तेच. मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. पूर ओसरला, भिंती वाळल्या, रंग दिला. पण पुढे एकदा दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीवर बसवल्यावर तो एकदम म्हणाला, ‘पाणी उतरलं का?’ डॉक्टरांना वाटले गुळणीच्या पाण्याबद्दल विचारतोय. मला कळले की तो घाबरलेला आहे. तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरी ‘मला भीती वाटते’ याचे मराठी रूप आहे. वरवर असंबद्ध वाटणाऱ्या अशा वाक्यांचा उगम मुलाच्या एखाद्या विशिष्ट अनुभवात सापडतो, हेही कॅनर यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते. आपण वर्गात लक्षणा-व्यंजना शिकवतो. शब्दाचा वाच्यार्थ बाजूला सारून मागचा अर्थ गाठायला सांगतो. मग हे काय निराळे आहे?

धाकटीचे बरोबर उलटे. तिला वाच्यार्थाशिवाय दुसरा अर्थच मान्य नाही. पाचवीत असताना बाईंनी ‘आता एक शब्द जरी बोललीस तर याद राख’ असे दटावले, तर ही दोन दिवस वर्गात हजेरीलाही ‘हजर’ म्हणाली नाही. पण ती हुशार आहे, आणि आपले जग समजून घेण्याची तिची जिद्द पाहून मला पुष्कळदा थक्क व्हायला होते. तिने एक वही केली आहे. त्या वहीत माणसे जे बोलतात ते डाव्या बाजूला आणि त्याचा खरा अर्थ उजव्या बाजूला. तिच्या परवानगीने थोडे उतरवते. ‘बघू’: आई म्हणाली तर नाही, बाबा म्हणाले तर आठ दिवसांनी हो. ‘या ना एकदा घरी’: जायचे नसते. ‘काही नको हो, आत्ताच जेवून आलो’: दोनदा नको म्हणेपर्यंत विचारायचे, तिसऱ्यांदा वाढायचे. ‘पुन्हा चहा टाकू का?’: पाहुण्यांनी आता उठावे. ‘दोन मिनिटांत येते’: वेळ सांगता येत नाही. अशा सव्वादोनशे नोंदी आजवर झाल्या आहेत. मराठी माणसाच्या व्यवहारभाषेवर याहून प्रामाणिक काम माझ्या पाहण्यात नाही, आणि मी बरेच प्रबंध तपासले आहेत.

मुलाचे निदान चौथ्या वर्षी झाले, मुलीचे तेराव्या. मुलींच्या बाबतीत हा उशीर जगभर दिसतो. गप्प बसणाऱ्या मुलाची चिंता होते. गप्प बसणाऱ्या मुलीचे कौतुक होते. प्रगतिपुस्तकावर ‘शांत, गुणी, लाजाळू’ असा शेरा वर्षामागून वर्षे पडत गेला. प्रत्यक्षात ही मुलगी शाळेत दिवसभर मैत्रिणींच्या चेहऱ्यांकडे बघून कधी हसायचे याचा हिशेब करीत असे आणि घरी आली की कपाट आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत जाऊन तासभर डोळे मिटून बसत असे. पाठांतर करून केलेली भूमिका दिवसातून सहा तास, आठवड्याचे सहा दिवस वठवायची म्हणजे काय, हे सांगलीसारख्या नाटकवेड्या गावाला तरी समजायला हरकत नाही. नटाला निदान मध्यंतर असते.

या सगळ्यात घरातला खरा तज्ज्ञ कोण, असे विचाराल तर मी सासूबाईंकडे बोट दाखवीन. वय ८१, शिक्षण चौथी. ‘ऑटिझम’ हा शब्द त्यांना उच्चारता येत नाही आणि ‘स्वमग्नता’ त्यांनी कधी वापरला नाही. नातवाविषयी कुणी चौकशी केली की त्या म्हणतात, ‘त्याचं असं असतं.’ बस्स. त्यात तक्रार नाही, कौतुक नाही, स्पष्टीकरण नाही. रोज सकाळी तो उठला की त्या त्याच्याशेजारी बसून हरिपाठाच्या संथ लयीत दिवसाचा क्रम सांगतात: आधी तोंड धुवायचं, मग दूध, मग अंघोळ, मग निळा शर्ट, मग बाबांबरोबर कामाला, मग वरण-भात. त्या दिवशी काही निराळे असले, कुणी पाहुणे येणार असले किंवा वीज जाणार असली, तर तेही त्याच लयीत मधे गुंफतात. मोठ्या शहरांत याच गोष्टीसाठी चित्रांचे तक्ते करून देणारे प्रशिक्षित लोक असतात आणि ते उपयोगी काम करतात. सासूबाईंना ते कुणी शिकवले नव्हते. पुढे काय घडणार हे माहीत असले की हा पोर शांत असतो, एवढे त्यांनी पाहिले आणि त्याप्रमाणे स्वतःचे बोलणे बदलले. बदल त्यांनी स्वतःत केला, हे महत्त्वाचे.

कारण नेमके इथेच अभ्यासकांचेही मत अलीकडे वळले आहे. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी असा मुद्दा मांडला की, या लोकांना दुसऱ्याचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण आपल्याला तरी त्यांचे मन कोठे कळते? न कळणे दोन्ही बाजूंनी आहे. फरक एवढाच की आपण संख्येने अधिक असल्यामुळे आपल्या न कळण्याला रोगाचे नाव मिळत नाही. मला हे वाचून हायसे वाटले, आणि थोडे हसूही आले. माझी मुलगी सव्वादोनशे नोंदींची वही करून आपली भाषा शिकते आहे. तिची भाषा शिकण्यासाठी तिच्या वर्गातल्या किती जणांनी अर्धे पान तरी लिहिले असेल? मग स्वमग्न म्हणायचे कुणाला?

हे आपल्या महाविद्यालयाच्या अंकात लिहिण्याचे कारण आता सांगते. आणखी दोन वर्षांनी ती प्रथम वर्ष कला वर्गात येईल. इथे नाही तर दुसरीकडे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. नव्यात एकवीस आहेत आणि ती त्यांत आहे. लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो, गरज असल्यास लेखनिक मिळतो. हे सगळे हवेच होते आणि मिळाले याचा आनंद आहे. पण प्रवेश मिळणे आणि वर्गात बसता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कायद्याने नव्हे, तुम्हाआम्हाला कापायचे आहे.

‘फिशपाँड’चेच घ्या. स्नेहसंमेलनातला हा प्रकार मलाही विद्यार्थिदशेत आवडत असे, आणि चांगला फिशपाँड ही एक वाङ्मयीन कला आहे असे माझे अजूनही मत आहे. दोनेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या महाविद्यालयात पाहुणी म्हणून गेले होते. पहिल्या वर्षाच्या एका मुलाला, जो मान खाली घालून, एकाच सुरात बोलायचा, ‘बॅटरी उतरलेला रोबो’ असा फिशपाँड पडला. सभागृह कोसळले. मुलगा उठला, शिरस्त्याप्रमाणे व्यासपीठावर गेला, चिठ्ठी घेतली, ‘आभारी आहे’ म्हणाला आणि जागेवर येऊन ती नीट घडी करून त्याने खिशात ठेवली. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात तो माझ्याजवळ आला आणि अतिशय गंभीरपणे विचारू लागला, ‘मॅडम, हे बक्षीस आहे का?’ तो स्वमग्न होता की नव्हता मला ठाऊक नाही, आणि जिन्यात उभे राहून कुणाचे निदान करू नये. मी त्याला खरे काय ते सांगितले, कारण माझी मुलगी असती तर तिला खरेच हवे असते. त्याने चिठ्ठी पुन्हा उघडून वाचली आणि ‘अच्छा’ म्हणाला. फिशपाँड बंद करा असे मी म्हणत नाही. ज्याला उलटून टाकता येतो त्याच्यावरच तो टाकावा, एवढा खेळाचा साधा नियम असावा.

सहकारी प्राध्यापकांकडेही थोडे मागणे आहे. तास बदलला, खोली बदलली, की आपण आयत्या वेळी शिपायाकरवी सांगून मोकळे होतो. आदल्या दिवशी फलकावर दोन ओळी लिहिल्या तर एखाद्या विद्यार्थ्याचा अख्खा दिवस वाचतो. तोंडी परीक्षेत ‘माझ्याकडे बघून बोल’ असा आग्रह आपण उत्तराच्या खरेपणाची खूण म्हणून धरतो. माझी मुलगी डोळ्यांकडे पाहत असेल तेव्हा तिला ऐकू येईनासे होते, आणि ऐकत असते तेव्हा ती खिडकीकडे पाहते. दोन्ही एकदम करायला लावले तर उत्तर येत असूनही येत नाही. आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, संमेलनाच्या दिवशी तरी, कर्ण्यांचा आवाज पोहोचणार नाही अशी एक खोली उघडी ठेवावी. त्या खोलीत स्वमग्न नसलेलेही पुष्कळ जण जाऊन बसतील असा माझा अंदाज आहे. मी तर नक्कीच बसेन.

मुलाची गोष्ट वेगळी. तो महाविद्यालयात येणार नाही, आणि तसे स्वप्न मी त्याच्या वतीने पाहत बसत नाही. आमचे हे त्याला रोज सकाळी एका बांधणीच्या कारखान्यात सोडतात. तिथे तो तीन तास पुस्तकांचे फर्मे क्रमाने लावतो. मालक सांगतात की तो रुजू झाल्यापासून एकाही पुस्तकात फर्मा उलटा किंवा मागेपुढे गेलेला नाही. आपल्यापैकी ज्यांना १६ व्या पानानंतर थेट ३३ वे पान असलेली पुस्तके विकत मिळाली आहेत त्यांना या कौशल्याची किंमत कळेल. आठवड्याला त्याला पाकिटातून पैसे मिळतात. ते पैसे तो मोजतो, पुन्हा मोजतो, आणि आजीकडे ठेवायला देतो. ते त्याच्या नावाने बँकेत जमा व्हावेत असे आम्हांला वाटले, आणि तिथून आमच्या सध्याच्या पेचाची सुरुवात झाली.

बँकेचे नाव लिहीत नाही. कदाचित दुसरीकडेही हेच घडले असते. काउंटरवरच्या गृहस्थांनी त्याला दोन प्रश्न विचारले, त्याने दोन्ही प्रश्न त्यांना परत म्हणून दाखवले. त्यावर गृहस्थ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘अठरा पूर्ण आहेत, तेव्हा आता तुम्ही आपोआप पालक धरल्या जात नाही. कायदेशीर पालकत्वाचा दाखला आणा, मग पाहू.’ (पाहू! माझ्या मुलीची वही मला तिथेच आठवली.) असा दाखला मिळतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्याची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो देते. आमच्यासारख्या आईबापांना आपल्या पश्चात काय, या एकाच प्रश्नाने रात्री झोप येत नाही, आणि त्यांच्यासाठी हा कायदा मोठा आधार आहे. पुष्कळांनी तो दाखला घेतला आहे आणि त्यांचे काही चुकले असे मला म्हणायचे नाही. ज्या मुलाला चोवीस तास सांभाळावे लागते त्याच्या घरी जाऊन तत्त्वे सांगण्याचा मला अधिकार नाही.

पण आमच्या घरापुरते पाहू गेले तर तो अर्ज भरायला माझा हात चालत नाही. अर्जाचा मथितार्थ असा की या माणसाला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत, त्याचे निर्णय दुसऱ्याने घ्यावेत. आणि हा निर्णय घेत नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. निळा सोडून दुसरा शर्ट घालायचा नाही, हा निर्णय. कारखान्यात पंख्याखाली बसायचे नाही, हा निर्णय. आजी आजारी असताना कामावर जायचे नाही आणि तिच्या उशाशी बसून तिलाच दिवसाचा क्रम म्हणून दाखवायचा, हासुद्धा त्याचाच निर्णय. कुणी सांगितले नव्हते. २०१६ चा कायदा तर स्पष्ट म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे. आणि पालकत्व लागलेच तर ते मर्यादित असावे, ठरावीक बाबीपुरते, ठरावीक काळापुरते, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. दोन कायदे, दोन वृत्ती. एक म्हणतो, आम्ही तुझ्या जागी बोलतो. दुसरा म्हणतो, तू बोल, अडले तर सांगतो. तीन तास बांधणीच्या कामात मन लावून कमावलेले पैसे स्वतःच्या नावावर ठेवण्यासाठी आधी आपण असमर्थ असल्याचा दाखला आणायचा, हा उफराटा न्याय मला मान्य नाही. आमचे हे म्हणतात, दाखला घेऊन टाकू, आपण दोघेही पन्नाशी ओलांडलेली माणसे आहोत. त्यांचेही खोटे नाही. या विषयावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.

तूर्त असे ठरले आहे की पुन्हा एकदा बँकेत जायचे, दाखल्याशिवाय, कायद्याच्या त्या कलमाची प्रत घेऊन, आणि शाखाधिकाऱ्यांना भेटायचे. सही त्याला येते. तो आधी पूर्ण शिरोरेषा ओढतो आणि मग एकेक अक्षर तिला टांगत जातो, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे. त्याला साधारण दोन मिनिटे लागतात. मागच्या वेळी रांगेतली माणसे पाय बदलू लागली तसा काउंटरवरचा कागद मधेच ओढून घेतला गेला आणि नाव निम्म्यावर राहिले; घरी आल्यावर त्याने उरलेली अक्षरे पाटीवर लिहून टाकली. म्हणून या वेळी महिन्याचा पहिला आठवडा टाळून, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर जाणार आहोत. सासूबाईंनी त्या दिवसाच्या क्रमात बँक आतापासूनच घातली आहे: मग निळा शर्ट, मग रिक्षा, मग बँक, मग सही, मग घरी, मग वरण-भात.